अ‍ॅनिमेचा 'कट्टर फॅन' म्हणजे नेमकं कोण?

'ओताकू' हा शब्द १९८३ मध्ये जपानी लेखक अकिओ नाकामोरी यांनी चाहत्यांना हिणवायला वापरला. आज आपल्याकडची पोरं तोच इन्स्टाच्या बायोत मिरवतात.

पण कट्टर कोण? २०१९ मध्ये माकोतो शिंकाईंचा 'वेदरिंग विथ यू' भारतात लागावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन याचिका केली. ५० हजारांहून जास्त सह्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये तो थिएटरात आला. फुकट डाऊनलोड सोपं होतं (आपण सगळ्यांनीच कधी ना कधी केलंय, खोटं कशाला बोला). तरी त्यांनी तिकीट मागितलं.

अर्थात, तिकिटाचे पैसे थेट अ‍ॅनिमेटरला मिळत नाहीत. ते बहुतेकदा 'प्रॉडक्शन कमिटी'तल्या गुंतवणूकदार कंपन्यांकडे जातात. नवख्या चित्रकाराचा पगार तुटपुंजाच राहतो, आणि त्याबद्दल फॅन मंडळी फारशी बोलत नाहीत.