भूलतज्ज्ञाला आधी भेटा

धर्माबादहून एका भगिनीने विचारले आहे: "भाभींचे वजन 118 किलो आहे. शुगर आहे, गुडघेही धरलेत. वजन कमी करण्याचे ऑपरेशन हैदराबादला ठरले आहे. डॉक्टर पूर्ण भूल देणार म्हणतात. सिझरला देतात तसे कमरेत इंजेक्शन देऊन भागत नाही का? इतक्या जाड माणसाला बेशुद्ध केले तर जाग येईल ना?"

भीती रास्त आहे. लठ्ठ रुग्णाला कमरेची भूल चालत असेल तर बहुतेक भूलतज्ज्ञ तीच पसंत करतात. पण हे ऑपरेशन दुर्बिणीने होते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात. त्याने श्वासपटल वर ढकलले जाते, आणि लठ्ठ माणसाची फुप्फुसे आधीच दबलेली असतात. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून, मशीनने श्वास देत पूर्ण भूल देतात. इथे कमरेच्या इंजेक्शनचा हट्ट धरू नका.

निवड असते ती पूर्ण भुलीच्या आत. लठ्ठ शरीरात प्राणवायूचा साठा कमी आणि खर्च जास्त, त्यामुळे नळी घालेपर्यंतची मिनिटे नाजूक. तेव्हा डोके-खांदे उंच ठेवून आधी मास्कने भरपूर प्राणवायू देतात. औषधे थेट काट्यावरच्या वजनाने देत नाहीत. बहुतेकांचा हिशेब चरबी वगळून होतो. चरबीत कमी मुरणारा डेसफ्लुरेन वायू वापरला तर जाग लवकर येते. शिरेतून प्रोपोफॉल चालू ठेवले तर मळमळ कमी होते. दुखण्यासाठी मॉर्फीनच्या जातीची औषधे जमेल तितकी टाळून पॅरासिटामॉल आणि पोटाच्या भिंतीत बधिरतेचे इंजेक्शन देतात. कारण मॉर्फीनने श्वास मंदावतो.

जाग येण्याबद्दल विचारलेत. मला जास्त काळजी घोरण्याची वाटते. घोरताना श्वास मध्येच थांबतो का, गुदमरून दचकायला होते का, हे भाभींना ठाऊक नसते. शेजारी झोपणाऱ्या तुमच्या भाईंना असते. तपासणीला त्यांनाही न्या. झोपेत लावायचे सीपॅप मशीन सांगितले तर ते आधीपासून वापरायला लागा आणि दवाखान्यात सोबत न्या. नकाब बाजूला करून मान, जबडा, तोंड दाखवावे लागेल. महिला डॉक्टर हव्या असतील तर तसे आधी कळवा. एका तरी बोटाचे नख मेहंदीशिवाय ठेवा, प्राणवायू मोजणारी क्लिप तिथे लागते.

इजिप्तच्या इमान अहमद आठवतात? वजन सुमारे 500 किलो. 2017 मध्ये 11 फेब्रुवारीला त्यांना मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणले, आणि ऑपरेशन झाले 7 मार्चला. मधले दिवस पातळ आहार आणि तयारीत गेले. त्याच सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचे निधन झाले. इतर आजारांचे ओझे ऑपरेशनने एकदम उतरत नाही. पण घाई केली नाही, हे घेण्यासारखे. आपल्याकडे भूलतज्ज्ञाची भेट ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी उरकतात. रेल्वे थेट आहे. दोन-तीन आठवडे आधी त्यासाठी एक वेगळी फेरी करा.

त्या भेटीत औषधांची पिशवीच समोर ठेवा. सेमाग्लूटाइडसारखे आठवड्याचे इंजेक्शन चालू असेल तर जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि भुलीत उलटी फुप्फुसात जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारूनच. उपाशी राहणे रोज्यासारखे नसते: जेवण बंद झाले तरी साधे पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालते. तुम्हाला किती वेळ, ते लिहून घ्या.

आणखी एक, जे घरोघरी विचारतात पण डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून देतात ते हेपारिन किंवा एनॉक्सापॅरिन सहसा डुकराच्या आतड्यापासून बनते. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम औषध आहे; मूत्रपिंडे ठीक असतील तर ते चालेल का, हे त्याच भेटीत विचारा. पर्याय नसेल तर काय, ते आपल्या आलिमांना ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.