कुठलं कॉलेज घेशील, दोस्ता?

नीटचा निकाल लागला की वस्तीत शहाण्यांचं पीक येतं. एक सांगतो, नाव बघ, दिल्लीचं एम्स सोडू नकोस. दुसरा सांगतो, लांब जाऊ नकोस, तिथं आपलं कोण? घराजवळचं घे, गपगुमान शीक, बाहेर पड. दोघंही तुझ्या भल्याचंच बोलतात. पण दोघांचाही हिशोब अर्धवट.

नाववाल्याला विचार : २००७ साली थोरात समितीनं एम्सबद्दल काय लिहिलं, वाचलंस का? देशातल्या पहिल्या नंबरच्या कॉलेजात दलित-आदिवासी पोरं होस्टेलच्या ठराविक मजल्यांवर गोळा झालेली. तोंडी परीक्षेत भेदभाव होतो, ही पोरांची तक्रार. गावकुसाबाहेरची वस्ती तिथं जिना चढून वर गेली, एवढाच फरक.

घराजवळवाल्याला विचार : पायल तडवी कुठं शिकत होती? मुंबईत. नायर हॉस्पिटलच्या, महापालिकेच्या कॉलेजात. जळगावकडची आदिवासी पोर. २२ मे २०१९ ला ती गेली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन सिनियर डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. जात काही फक्त दिल्लीत राहत नाही.

मग निवडायचं कशावर? तीन गोष्टींवर.

पहिली, मालक कोण. खाजगी अभिमत विद्यापीठात वर्षाची फी २० लाखांच्या वर जाते. तिथं आपल्याला राखीव जागा नाही. २००५ च्या ९३व्या घटनादुरुस्तीनं १५(५) कलम आलं. पण या खाजगीवाल्यांना बांधणारा केंद्राचा कायदा काही झाला नाही. बापाचं घर विकून तिथं जाऊ नकोस. कमी मार्कांवर पैशेवाला तिथं शिरतो, तेव्हा आपल्याला हिणवणारं मेरिट कुठं शेण खायला जातं?

दुसरी, पेशंट. डॉक्टर वॉर्डात घडतो. जिथं खाटेखालीही पेशंट झोपलाय तिथं हात तयार होतो, संगमरवरी लॉबीत नाही. आणि तो पेशंटही आपलाच असतो.

तिसरी, आपली माणसं. पसंतीक्रम भरायच्या आधी तिथल्या आपल्या सिनियर पोरांना गाठ. होस्टेलच्या खोल्या कशा वाटतात? स्कॉलरशिप अडकली तर परीक्षेला बसू देतात का? एससी-एसटी सेल कागदावर आहे का जागेवर? तक्रार कुणाकडं जाते?

उत्तरं वाईट आली तरी मोठं सरकारी कॉलेज भीतीपोटी सोडू नकोस. ती जागा कुणी दान दिलेली नाही. एम्स १९५६ च्या संसदेच्या कायद्यानं, लोकांच्या पैशावर उभं आहे. त्यात आपल्या आयाबापांचा घाम आहे. आपण मागं फिरलो तर ज्यांना आपण नको आहोत त्यांचं काम फुकटात होतं. पण एकट्यानं राहू नकोस. पहिल्या आठवड्यातच आपली पोरं हुडक. कुणी टोमणा मारला, तारीख-वेळ लिहून ठेव. तक्रार लेखी दे, पोच घे. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा अ‍ॅनाटॉमीसारखा पाठ कर.

आणि संघटनेच्या पोरांनो, तुम्हीही ऐका. पोर डॉक्टर झाली की हार घेऊन धावता. ती शिकत असताना महिन्यातून एकदा तिच्या होस्टेलवर कोण जातं? मोर्चाइतकंच तेही चळवळीचं काम आहे. फोटोला हार घालायची पाळी पुन्हा येऊ द्यायची नसेल, तर आत्ताच त्या फाटकाशी जाऊन उभे राहा.