वेल्च गुरुजींची शाळा

पूर्वीच्या काळी गडगंज संपत्ती मिळविलेला सावकार उतारवयात नदीवर घाट बांधी, धर्मशाळा उभारी आणि पुण्यसंचयाच्या समाधानात डोळे मिटी. आजचा निवृत्त उद्योगाधिपती वर्गात जाऊन फळ्यापुढे उभा राहतो. आयुष्यभर जे केले ते आता शास्त्र म्हणून शिकवावयाचे, अशी ही नवी रीत आहे. अमेरिकेत ती चांगलीच रुळली आहे आणि आपल्याकडील व्यवस्थापन संस्थांतूनही अशा अनुभवी गुरुजींना मानाचे पान मिळते. अनुभवी माणसाने शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. लोहाराची विद्या लोहारानेच शिकवावी. परंतु ज्या अनुभवातून ही विद्या घडली त्याची किंमत कोणी मोजली आणि त्या मोजणाऱ्यांचे म्हणणे अभ्यासक्रमात कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. त्यासाठी जनरल इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांच्याइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

वेल्च हे रेल्वेतील एका कंडक्टरचे चिरंजीव. १९६० साली रसायन अभियांत्रिकीतील डॉक्टरेट मिळवून ते कंपनीत दाखल झाले, १९८१ साली तिचे प्रमुख झाले आणि २००१ पर्यंत त्या पदावर राहिले. या वीस वर्षांत कंपनीचे बाजारमूल्य सुमारे १४ अब्ज डॉलरवरून ४०० अब्जांच्या वर गेले. १९९९ साली ‘फॉर्च्युन’ नियतकालिकाने त्यांना शतकातील सर्वश्रेष्ठ व्यवस्थापक ठरविले. ही या नाण्याची चकाकती बाजू. दुसरी बाजू अशी की १९८० च्या अखेरीस कंपनीत ४ लाख ११ हजार माणसे होती. १९८५ च्या अखेरीस ती २ लाख ९९ हजारांवर आली. काही विभाग विकले गेले. परंतु बहुसंख्य माणसे कपातीत गेली. इमारती शाबूत ठेवून आतील माणसे नाहीशी करणाऱ्या बॉम्बवरून त्यांना ‘न्यूट्रॉन जॅक’ हे नाव मिळाले, ते याच काळात. आणि याच वर्षांत न्यूयॉर्कजवळ हडसन नदीकाठी क्रोटनव्हिल येथील कंपनीच्या व्यवस्थापन विद्यालयाच्या नूतनीकरणावर कोट्यवधी डॉलर खर्च होत होते. कारखान्यांना कुलुपे लागत असताना शाळेला नवा रंग दिला जात होता.

या विद्यालयात वेल्च स्वतः नेमाने शिकवीत. निवृत्तीनंतर २००६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या व्यवस्थापन शाखेत निवडक विद्यार्थ्यांपुढे त्यांचे वर्ग झाले. २००९ साली क्लीव्हलँड येथील चॅन्सेलर विद्यापीठात त्यांच्या नावाची व्यवस्थापन संस्था निघाली. २०११ साली ती स्ट्रेयर या नफ्यासाठी विद्यापीठ चालविणाऱ्या कंपनीने विकत घेतली. पाठशाळासुद्धा क्रयविक्रयाची वस्तू व्हावी हे या विद्येला साजेसेच होते. २०२० साली वेल्च निवर्तले, परंतु त्यांची शिकवण मागे राहिली.

काय होती ही शिकवण? तिचा गाभा एका कोष्टकात मांडता येतो. प्रत्येक विभागप्रमुखाने दरवर्षी आपल्या हाताखालच्या माणसांची तीन गटांत विभागणी करावी: वरचे २० टक्के, मधले ७० टक्के आणि तळाचे १० टक्के. वरच्यांवर बक्षिसांचा वर्षाव करावा, तळाच्यांना घरचा रस्ता दाखवावा. अकार्यक्षम माणसाला पन्नाशीत काढण्यापेक्षा तारुण्यातच काढणे अधिक दयाळूपणाचे, असे वेल्च यांचे समर्थन असे. यातील गणित मात्र तपासून पाहण्याजोगे आहे. दहा माणसांच्या तुकडीतील दहाही जणांनी जीव तोडून काम केले, तरी एकजण शेवटचा ठरणारच. तो निघून गेल्यावर पुढच्या वर्षी उरलेल्या नवांतून नवा शेवटचा निवडावा लागणार. म्हणजे माणसाच्या कामावरून त्याचा क्रम ठरतो हा देखावा. वस्तुतः काढावयाच्या माणसांची संख्या आधी ठरते आणि अपराधी नंतर शोधले जातात. शेजारचा सहकारी हा मग सोबती उरत नाही, प्रतिस्पर्धी होतो. संघटनेची मुळे खुडण्याचा याहून सोपा उपाय कोणत्या मालकाला सुचला असता?

येथे वेल्च यांच्याच आयुष्यातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. ते स्वतःही तो सांगत. १९६३ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे त्यांच्या देखरेखीखालील प्रायोगिक कारखान्यात स्फोट झाला आणि इमारतीचे छप्पर उडाले. तरुण वेल्च नोकरी जाणार या भीतीने वरिष्ठांकडे गेले. वरिष्ठाने त्यांना फैलावर घेतले नाही. हे कशामुळे घडले आणि यातून तू काय शिकलास, एवढेच शांतपणे विचारले. त्या एका दिवशीच्या माणुसकीवर पुढची सारी कारकीर्द उभी राहिली. छप्पर उडविणाऱ्या माणसाला शिकण्याची संधी मिळाली आणि ती योग्यच होती. परंतु त्याच माणसाने पुढे रचलेल्या यंत्रात, छप्पर शाबूत ठेवणाऱ्या सामान्य माणसालाही केवळ यादीतील जागेमुळे घरी जावे लागले. गुरूला मिळालेली क्षमा शिष्यांच्या पाठ्यक्रमात उतरलीच नाही.

ही विद्या अमेरिकेपुरती राहिली नाही. पुणे आणि बंगळूर येथील संगणक कंपन्यांतील तरुणांना ‘बेल कर्व्ह’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या दिवसांत त्याच्याच धाकाने त्यांची झोप उडत असे. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली सक्तीची क्रमवारी सोडली, आणि खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही २०१५ च्या सुमारास वार्षिक गुणांकनाला रजा देण्यास आरंभ केला. उपाध्यायांनीच मंत्र चुकीचा असल्याची कबुली दिली. यजमानांची झालेली हानी मात्र कोणी भरून दिली नाही.

वेल्च यांच्या हाताखाली तयार झालेले अधिकारी पुढे अनेक मोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले. विमाने बनविणाऱ्या बोइंगचे नेतृत्व २००५ ते २०१५ या काळात जेम्स मॅकनर्नी यांच्याकडे होते. त्यांच्याच कारकिर्दीत, २०११ साली, ७३७ मॅक्स या विमानाची योजना हाती घेण्यात आली. २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत या विमानांतील ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. एका गुरूच्या माथी हे सारे पाप मारणे अन्यायाचे होईल. परंतु अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने २०२० च्या अहवालात खर्च आणि वेळापत्रक यांच्या दडपणाकडे बोट दाखविले, ते डोळ्याआड करता येत नाही.

आणि कंपनीचे काय झाले? वेल्च यांच्या काळात नफ्याचा फार मोठा वाटा यंत्रांतून न येता वित्तव्यवहारातून येऊ लागला होता. २००८ च्या अरिष्टात हाच डोलारा डळमळला, आणि सरकारी हस्तक्षेपाचा तिटकारा असलेल्या या वर्गाच्या लाडक्या कंपनीच्या १३९ अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला अमेरिकी सरकारच्या ठेवविमा महामंडळाने हमी दिली. त्यानंतरच्या वर्षी गुरुजींची संस्था उघडली! त्याच वर्षी एका मुलाखतीत, भागधारकांचे मूल्य वाढविणे हे धोरण मानणे मूर्खपणाचे आहे, असेही ते बोलून गेले. ते स्वतः सुमारे ४१ कोटी ७० लाख डॉलरचे निवृत्तिलाभ घेऊन बाहेर पडले होते. २०२४ पर्यंत कंपनीचे तीन तुकडे झाले. द्रोणाचार्यांनी एकलव्याला विद्या दिली नाही, तरी अंगठा मात्र मागून घेतला. या गुरुकुलाची दक्षिणाही ज्यांना तेथे कधी प्रवेश नव्हता त्यांनीच भरली.

यावरून व्यवस्थापनशास्त्रच त्याज्य आहे असा निष्कर्ष काढणे आळशीपणाचे होईल. कारखाना चालविणे हे कौशल्याचे काम आहे. ते न जाणणाऱ्या कित्येक सहकारी संस्था भल्या हेतूंसह बुडाल्याचे आपण पाहिले आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन येथे अरिसमेन्दिअरिएता या धर्मोपदेशकाने १९४३ साली प्रथम तंत्रशाळा काढली. तिच्यातूनच शिकून निघालेल्या पाच तरुणांनी १९५६ साली पहिला सहकारी कारखाना उभारला. तेथेही व्यवस्थापन शिकविले जाते, परंतु व्यवस्थापकाची नेमणूक कामगार सभासदांनी निवडलेले मंडळ करते. २०१३ साली तेथील घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना दिवाळखोरीत गेला, तेव्हा बहुतेक सभासदांना भगिनी संस्थांत सामावून घेण्यात आले किंवा मुदतपूर्व निवृत्ती देण्यात आली. दोष तेथेही आहेत. परदेशांतील शाखांतील कामगार सभासद नाहीत, हा त्यांतला मोठा दोष. पण संकट आल्यावर तेथे पहिला प्रश्न माणसांना कोठे काम द्यावयाचे हा पडतो, कोणाला काढावयाचे हा नंतर.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्या कामगार संघटनांच्या अभ्यासवर्गांत इतिहास शिकविला जातो, कायदा शिकविला जातो. कंपनीचा ताळेबंद वाचावयास किती ठिकाणी शिकविले जाते? वाटाघाटीच्या टेबलाशी मालकाचा प्रतिनिधी आकडे फेकतो आणि आपला प्रतिनिधी घोषणा, तेव्हा पराभव तेथेच ठरलेला असतो. घसारा कसा मोजला, नफा कोणत्या खात्यात वळविला, कपातीची खरी गरज आहे की शेअरचा भाव चढविण्याची घाई, हे ज्याला कळते त्यालाच कपातीची यादी अडविता येते. वेल्च गुरुजींच्या शाळेवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण तिच्या तोडीची आपली शाळा कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर येत्या अभ्यासवर्गाची विषयपत्रिका ठरविताना कार्यकर्त्यांना द्यावे लागेल.