भिंतीवर नाव कुणाचं?

तुळशीच्या लग्नाआधी माझी आजी वृंदावनाला चुना काढायची आणि खालच्या पट्ट्याला काव लावायची. कुंचा नारळाच्या सोडणाचा, ठेचून मऊ केलेला. मग सारवलेल्या खळ्यात कणे, म्हणजे रांगोळी, घालायची. मालवणात चित्रकला शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली, पण भिंतीला हात कसा लावायचा ते मी त्या खळ्यातच शिकले.

काही वर्षांपूर्वी माझ्या चार माजी विद्यार्थिनींनी इथल्या एका कार्यालयाची कुंपणभिंत रंगवली. ऐन मे महिन्यात, आठ दिवस. उद्घाटनाच्या फलकावर नाव आलं ते ठेकेदाराचं. ती सल अजून गेलेली नाही.

भिंत रंगवणाऱ्या बायकांची नावं मागे राहणं नवं नाही. वारली लग्नात भिंतीवर काढायचा चौक सुवासिनी लिहीत आल्या, मिथिलेतल्या लग्नघराच्या भिंतीवरचं कोहबर घरच्या बायका. या दोन्ही ठिकाणी चित्रं काढायला कागद घेऊन गेला तो एकच मराठी माणूस, चित्रकार भास्कर कुलकर्णी. बिहारच्या 1966-67च्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेतल्या मधुबनीकडे पाठवलं, सत्तरच्या दशकात ते डहाणूच्या वारली पाड्यांत पोचले. मिथिलेत कागदावरही सीतादेवी, गंगादेवी पुढे राहिल्या. वारलीत मात्र जिव्या सोमा म्हशे हे पुरुष चित्रकार मोठे झाले आणि तो मान त्यांचाच होता. पण चौक लिहिणाऱ्या एका तरी सुवासिनीचं नाव आपल्याला सांगता येईल का?

आणि नाव झालं म्हणून भिंत टिकते असंही नाही. कर्करोगाशी झगडत गंगादेवींनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात कोहबर घर रंगवलं. त्या गेल्यानंतर नूतनीकरणात ते नष्ट झालं.

नावंच भिंतीवर आली, असंही एक उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोत विमेन्स बिल्डिंग नावाची इमारत आहे. 1994 साली वेगवेगळ्या वंशांच्या, संस्कृतींच्या सात चित्रकर्तींनी मिळून तिच्या बाहेरच्या भिंती रंगवल्या. त्यांतली एक मीरा देसाई. देशोदेशीच्या कापडांची नक्षी भिंतभर फिरवून त्या नक्षीतच या सातजणींनी शेकडो स्त्रियांची नावं गुंफली.

अशी भिंत मालवणात का नको? परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला, देशाला कळली. ही कला जपणाऱ्या ठाकर घरांतल्या लेकीसुना, डहाणूच्या वारली बायका आणि मिथिलेच्या चित्रकर्ती एका भिंतीपुढे उभ्या राहिल्या, तर काय होईल हे मला खरंच बघायचंय. चित्रकथीतल्या माणसाचा अर्धा चेहरा डोळ्यानेच व्यापलेला, वारलीच्या माणसाला तर डोळेच नाहीत. ही माणसं एकमेकांशी बोलणार कशी, ते त्या बायकांनीच तिथे, रंग हातात घेऊन ठरवावं. वरून नमुना छापून देऊ नये.

आणि ती भिंत टिकायलाही हवी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. ओल धरलेल्या चिऱ्याच्या भिंतीवरच्या प्लास्टिक पेंटचे दोन पावसाळ्यांत फुगून पापुद्रे सुटतात. चुना आणि काव ही आपली जुनी जोडी वापरा. दर दिवाळीआधी डागडुजीचे पैसे धरा. आजी वृंदावनाला दरवर्षी हात फिरवायची, म्हणून ते टिकलं.

नगर परिषदेला, ग्रामपंचायतींना माझं एवढंच मागणं आहे : पुढची भिंत रंगवायला काढाल तेव्हा अंदाजपत्रकात चित्रकर्तींची मजुरी ठेकेदारापासून वेगळी दाखवा, आणि भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या नावांसाठी हातभर जागा सोडा.