स्कोप बदलू नका, आधी बैठक बघा

माझ्या एअर रायफलवर पहिला स्कोप बसवला ठाण्यातल्या एका दुकानदाराने. पाच मिनिटांत चार स्क्रू जीव खाऊन आवळले आणि म्हणाला, "झालं." दोनेकशे छर्‍यांनंतर नेम आधी डावीकडे गेला, मग वर, मग कुठेही. परत गेलो तर उत्तर तयार: "स्कोप गेला, जरा भारीतला घ्या." घेतला. तोही तसाच वागायला लागला तेव्हा डोंबिवलीला घरी आल्यावर मी पहिल्यांदा स्कोपच्या खाली बघितलं. माउंट रेलवर चक्क मागे सरकलं होतं.

तेव्हापासून 'स्कोप गेला' या वाक्याचा मला राग आहे. विकणार्‍याला ते फायद्याचं आहेच, पण घेणार्‍यालाही सोयीचं वाटतं, कारण पैसे टाकले की हात चालवावा लागत नाही.

ब्रेक-बॅरल रायफलीत ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे येते. पिस्टन टोकाला जाऊन थांबतो तशी तीच रायफल पुढे हिसका खाते. एका छर्‍यामागे दोन उलटे धक्के. बर्‍याच साध्या स्कोपना फक्त मागच्या धक्क्याची सवय असते, म्हणून काही खरोखर मरतात, हे मान्य. पण त्याआधी ११ मिलिमीटरच्या रेलवरचं तेल स्पिरिटने पुसलंत का? माउंटला स्टॉप पिन आहे का? तेल लागलेल्या रेलवर स्क्रू कितीही आवळा, ते घसरणारच. आणि जीव खाऊन आवळलेली रिंग नळी चेमटवते, ते वेगळंच.

दुसरं दुखणं बॅरलचं. या रायफलींची नळी बहुतेक वेळा रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. म्हणून लोक मागच्या रिंगखाली कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा घालतात. नेम वर येतो, पण दोन रिंगा आता एका रेषेत नाहीत आणि स्कोप त्यांच्यात वाकून बसतो. इथे बेडिंग लागतं. नळीला मेणाचा पातळ हात द्यायचा, खालच्या अर्ध्या रिंगांत अरल्डाइटचा थर द्यायचा, स्कोप नुसता टेकवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी त्या नळीच्याच मापाची गादी तयार असते. मग भिंतीवर गवंड्याचा ओळंबा टांगा, उभी तार त्याच्याशी जुळवा आणि ॲलन कीचा आखूड पाय धरून दोन बोटांनी आवळा. वरच्या-खालच्या रिंगांमधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहू द्या.

हे घरी करायचं काम नाही म्हणणारे डोंबिवलीत राहतात याची मला गंमत वाटते. एमआयडीसीत लेथवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झगडलेले काका प्रत्येक सोसायटीत सापडतील. त्यांना विचारा, रिंग घासायला सरळ रॉडसुद्धा काढून देतील.

एक भ्रम मात्र मोडतो. पदकासाठी स्कोप घेत असाल तर घेऊच नका. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये ५० मीटरचं कांस्य मिळवलं ते पीप साइटवर. शिवाय पुष्कळ स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात. १० मीटरवर चित्र धूसर दिसतं, डोकं जरा हललं की तारा निशाणावरून सरकतात.

आणि बसवा घरी, उडवू नका घरी. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणजे गॅलरीतून कबुतरावर झिरो करायची मुभा मिळत नाही. समोरच्या गॅलरीत कुणाचं तरी पोर उभं असतं. वरळी, पनवेल दोन्हीकडे रेंज आहेत, लोकलने जाता येतं, आधी विचारून जा.

'गेलेला' पहिला स्कोप सध्या माझ्या रायफलीवर आहे, त्याच गादीवर. भारीतला डबीत पडून आहे.