एसटीचा पत्रा कधी फाटेल, हे कॉम्प्युटर सांगेल का?

जुलै 2023 मधला गडचिरोलीचा व्हिडिओ आठवतोय? अहेरी आगाराची एसटी धावतेय आणि छताचा पत्रा वाऱ्यावर फडफडतोय. आमच्या यवतमाळकडेही पत्र्याचा खडखडाट ऐकतच प्रवास होतो. पत्रा सुटायला गंज, ढिले रिव्हेट अशी कारणं असतात. मी इथे फक्त तड्याबद्दल बोलतोय, कारण त्याचा अंदाज आधी बांधता येतो.

तडा बहुतेकदा रिव्हेटच्या भोकापाशी सुरू होतो, ताण तिथेच एकवटतो म्हणून. सिम्युलेशनमध्ये पत्र्याचे हजारो तुकडे पाडतात, तड्याच्या टोकाशी सगळ्यात बारीक. टोकावरचा ताण काढायचा, तडा थोडा पुढे सरकवायचा, पुन्हा ताण काढायचा. किती सरकवायचा ते पॅरिसचा नियम सांगतो (शहर नव्हे, पॉल पॅरिस नावाचे इंजिनिअर). ॲल्युमिनियमसाठी त्यातला घातांक साधारण 3 असतो. म्हणजे हादऱ्याचा ताण दुप्पट झाला, तर तेवढाच तडा जवळपास 8 पट वेगाने वाढतो. आता आपल्याकडचे खड्डे आठवा!

1988 मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या विमानाचं छत हवेतच उडालं, एका हवाई सेविकेचा जीव गेला. 89,680 उड्डाणं झालेल्या त्या विमानात रिव्हेटपाशीचे छोटे तडे एकमेकांना जुळले होते.

बसच्या पत्र्याचं गणित साध्या लॅपटॉपवरही होतं. अडतं ते माहितीवर. हादरे तुमच्या फोनमधला ॲक्सेलरोमीटर मोजेल, पण आज तडा किती लांब आहे ते आगारात कुणीतरी टॉर्च घेऊन बघावं लागतं. माझ्या मते पैसा आधी तिथे लागायला हवा, आणि जादा गाड्यांवर. बदली गाडीच नसेल, तर तडा सापडूनही तीच बस सकाळी फेरीला निघते.