पट्टा सरदाराचा कीं शिपायाचा?

सातारा-सांगलीकडे ज्या घरांतून पूर्वीं माणसें पलटणींत गेलीं, तेथें माळा झाडतांना कधीं कधीं एक चामडी पट्टा हातीं लागतो. अशाच एका कुणब्याच्या घरीं तो निघाला. पांच खिसे, प्रत्येकावर झांकण, झांकणास पितळी गुंडी. कोणास ओळख पटेना. तोंच एक जाणते गृहस्थ आले आणि म्हणाले, "हा पानिपतावर गेलेल्या सरदाराचा. देव्हाऱ्यांत ठेवा!" पट्टा देव्हाऱ्यांत गेला आणि दक्षिणा गृहस्थांच्या खिशांत गेली.

आम्ही विचारतों, कोणी त्याचें झांकण उघडून तरी पाहिलें काय? पानिपत झालें १७६१ सालीं. तेव्हांच्या बंदुकींत दारू ओतावयाची, गोळी ठासावयाची आणि तोड्यानें किंवा चकमकीनें पेटवावयाची. पितळी काडतूस आलें तें पुढें शंभर वर्षांनीं. या पट्ट्याच्या एकेका खिशांत दहा काडतुसें बसतात, म्हणजे एकूण पन्नास. हा १९०३ च्या नमुन्याचा पायदळाचा पट्टा, थ्री-नॉट-थ्री बंदुकीच्या काडतुसांसाठीं, खांद्यावरून तिरपा घालावयाचा. नऊ खिसे व नव्वद काडतुसें असतील तर तो घोडेस्वाराचा. चामड्यावर बाणाचा छाप आणि त्याखालीं इंग्रजी 'आय' अक्षर दिसलें, तर माल हिंदुस्थान सरकारचा समजावा.

म्हणजे हा पट्टा पानिपताचा नव्हे, शिपाईगिरीचा! १९१४ ते १८ च्या महायुद्धांत साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गांवचे ४६ जवान पडले. मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कूटच्या वेढ्यांत अडकल्या. अन्न संपलें आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं त्या फौजेला शरण जावें लागलें. ज्या घरच्या आज्यानें असे दिवस काढले, त्या घरानें उसना सरदार कशाला आणावा? आजा शिपाई होता, यांत लाज कसली?

आणि देव्हाऱ्यांत पुजलें तें काय? मेल्या गुराचें कातडें! बाभळीच्या सालींत कातडें कमावणाऱ्या ढोराला व तें शिवणाऱ्या चांभाराला आपण ओटीवर येऊं दिलें नाहीं. कातडें पवित्र आणि कमावणारा मात्र विटाळाचा, हा कोणता न्याय? महार शिपायांची भरती इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, १९१७ सालीं गरज पडतांच १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ सालीं मोडून टाकली. त्यांच्या घरचा पट्टा पाहावयास कोणते जाणते गेले?

तेव्हां पट्टा देव्हाऱ्यांतून खालीं उतरवा. त्याला हळद-कुंकू, तेल, पॉलिश कांहीं लावूं नका; छाप बुजतो. कोरड्या फडक्यानें पुसा आणि सावलींत ठेवा. घरांतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारून आज्याचें नांव, पलटण व नंबर कागदावर लिहा. तो लढाईंत पडला असेल, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादींत त्याचें नांव शोधा. दक्षिणेचे पैसे त्या कागदाच्या चौकटीला खर्च करा आणि चौकट पट्ट्याशेजारीं भिंतीवर लावा.